बचत गटाची सहल समुद्रावर : मालवण आणि वेंगुर्ला



आपण बायका घराबाहेर पडत नाही असं नाही. वारीला जातो, कुलदैवताला जातो, लेकीच्या बाळंतपणाला जातो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर सोबत जातो. पण नुसतं बघायला, पाण्यात पाय सोडून बसायला म्हणून आपल्यापैकी किती जणी गेल्या आहेत? आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींनी समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला होता. त्यात साठी ओलांडलेल्याही होत्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पंधरा जणी सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण आणि वेंगुर्ल्याला तीन दिवस जाऊन आलो. तेव्हापासून आजूबाजूच्या गटांकडून विचारणा होते आहे, की कसं गेलात, काय पाहिलं, भीती नाही का वाटली? म्हणून आजच्या कार्यक्रमात समुद्राकाठच्या सहलीची सगळी माहिती सांगणार आहोत. घाटावरच्या बाईला समुद्र समजून घेता आला, तर तिथे मजाही येते आणि धोकाही टळतो.

कधी जायचं, कसं जायचं

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. कोकण रेल्वेनं गेलं तर कणकवली, सिंधुदुर्ग, कुडाळ, सावंतवाडी ही स्टेशनं लागतात. मालवण आणि वेंगुर्ला दोन्हींसाठी कुडाळ सोयीचं. तिथून एसटी मिळते. कोल्हापूरकडून येणाऱ्यांना राधानगरीवरून फोंडा घाटानं कणकवलीत उतरता येतं, बेळगावकडून येणाऱ्यांना आंबोली घाटानं सावंतवाडीत. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत आहे, त्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो. आपल्याकडे खरिपाची सुगी उरकलेली असते, म्हणून शेतीतूनही चार दिवस काढता येतात. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. तेव्हा समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते.

समुद्राचं घड्याळ तिथीवर चालतं

ही गोष्ट नीट ऐका, कारण सगळी सहल हिच्यावर अवलंबून असते. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, त्याला भरती म्हणतात, आणि दोनदा उतरतं, ती ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. ही वेळ रोज सारखी नसते. दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ पन्नास मिनिटं पुढे सरकते, कारण पाण्याला मुख्यतः चंद्र ओढतो आणि चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो.

कोकणातले लोक हे पंचांगावरून काढतात. हिशोब सोपा आहे. तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, म्हणजे तिथीची पाऊणपट करायची. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली असेल त्यांना कागदही लागणार नाही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती, आणि सकाळी नऊ-सव्वानऊला ओहोटी. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बारा-सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींसाठी पंधरा धरायचे, उत्तर येतं सव्वाअकरा. जागेप्रमाणे अर्धा तास पुढे-मागे होतं, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळी बांधवांना विचारायचंच.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्या गटानं सहलीची तारीख ठरवताना कॅलेंडरमधली अष्टमी शोधावी. तेव्हा पाण्याला ओढ कमी असते.

मालवण : किल्ला आणि किनारा

मालवणच्या धक्क्यावरून होडीनं पंधरा-वीस मिनिटांत सिंधुदुर्ग किल्ल्यावर पोचता येतं. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. तटबंदी जवळपास तीन किलोमीटरची आहे. तिच्या वळणांमुळे मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही.

आत छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. पण आम्हा पाण्यासाठी पायपीट केलेल्या बायकांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते विहिरींचं. दूधविहीर, दहीविहीर आणि साखरविहीर अशा तीन विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत पाणी गोडं! बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते खाऱ्यावर तरंगल्यासारखं राहतं. पण उपसा जास्त झाला तर खालचं खारं पाणी वर येतं. म्हणून बेटावर किंवा किनाऱ्यावर पाणी जपून वापरावं लागतं, आणि पाहुण्या म्हणून गेल्यावर आपणही जपून वापरावं.

होडीवाले किल्ल्यासाठी साधारण तासाभराचा वेळ देतात. गुडघे दुखणाऱ्यांनी होडीत चढता-उतरताना घाई करू नये. आमच्यातल्या दोघी तटावर न चढता मंदिराच्या सावलीत बसल्या आणि त्यांनाही ती होडीतली फेरी पुरेशी आनंदाची वाटली.

मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर तारकर्लीचा लांब पांढरा किनारा आहे, आणि पुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. सकाळी लवकर उठलात तर एखाद्या किनाऱ्यावर रापण ओढताना दिसेल. होडीनं मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांना माणसं लागून ते ओढून घेतात. मालवणच्या बंदरावरचा मासळीचा लिलावही बघण्यासारखा असतो. पुरुष मासे उतरवतात, पण भाव करायला आणि माल उचलायला कोळणी पुढे असतात.

वेंगुर्ला : वल्ही बायकांच्या हातात

वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथे २०१७ साली स्वामिनी महिला बचत गटानं कांदळवनाची सफर सुरू केली. वल्ही बायका मारतात आणि माहितीही त्याच सांगतात. होडीला इंजिन नाही, म्हणून आवाज नाही आणि पक्षी उडून जात नाहीत. या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या एका प्रकल्पाची मदत मिळाली. आपल्यासारखाच गट, फक्त शेळ्या-पापडांऐवजी खाडीवर उभा राहिलेला. जाण्याआधी सफरीची वेळ विचारून घ्या, कारण तीही भरतीवर ठरते.

कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं जमिनीतून वर डोकं काढून श्वास घेतात. ओहोटीला ती पेन्सिली रोवल्यासारखी दिसतात. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं, कारण हे झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावरच रुजतं, शेवग्याच्या शेंगेसारखं लोंबतं आणि मग खाली पडून चिखलात उभं राहतं. लेकरू चालायला लागल्यावरच आईनं हात सोडावा, तसं.

या मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं, कोळंबी आणि खेकडे वाढतात. झाडं तुटली की मासळी कमी होते, आणि वादळात लाटा अडवणारी भिंतही जाते. म्हणून कांदळवन तोडायला कायद्यानं बंदी आहे. २०२० साली महाराष्ट्रानं पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केला.

वेळ असेल तर सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची कला पाहता येते.

खाणं आणि खरेदी

आंबोळी, घावणे, सोलकढी, तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, कोंबडी-वडे हे तिथलं जेवण. माळकरी मैत्रिणींनी आधी सांगितलं तर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि उसळी मिळतात. मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती निवास-न्याहारीच्या जागी उतरा. जेवण घरच्या बाईच्या हातचं असतं, पैसेही त्याच घरात राहतात, आणि रात्री ओसरीवर गप्पा होतात त्या वेगळ्याच.

खरेदीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोकम आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, तो सोलकढीला. सरबताचं कोकम साखरेत केलेलं असतं. बाटली बघून घ्या. काजूवर डब्ल्यू २४० किंवा डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. एका पौंडात, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅममध्ये, साधारण किती अख्खे गर बसतात त्याचा तो आकडा असतो. आकडा लहान तर काजू मोठा, आणि भावही जास्त.

पाण्याशी खेळ नको

२०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. घाबरवायला सांगत नाही, पण हे नियम गटानं आधीच ठरवून घ्यावेत.

जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसायचं नाही, आणि त्याचे सगळे पट्टे लावायचे. होडीवर जेवढ्या माणसांची परवानगी लिहिली असेल त्याहून एकही जास्त नको. गट मोठा असेल तर दोन फेऱ्या करा. नदी समुद्राला मिळते त्या जागी आंघोळीला उतरू नका, विशेषतः ओहोटीला, कारण पाणी आत ओढतं. पाण्यात गुडघ्यापर्यंतच जा आणि एकमेकींचा हात धरा. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे सरळ झगडू नका, आडव्या दिशेनं सरका आणि हात वर करून मदत मागा. साडी भिजली की जड होते आणि पायात येते, म्हणून पाण्यासाठी सलवार-कुडता न्या. आमच्यातल्या नऊवारीवाल्याही सुनेचा ड्रेस घालून उतरल्या आणि त्यांचे फोटो आता गावभर झालेत. सोनं घरी ठेवा, रोजच्या गोळ्या पिशवीत ठेवा. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास असेल तर पाण्याखालच्या खेळांच्या नादाला लागू नका.

पैसे आणि घरची परवानगी

गटाच्या बचतीतून किंवा अंतर्गत कर्जातून सहल काढू नका. तो पैसा सगळ्यांच्या गरजेचा असतो आणि त्याचा हिशोब बँकेला दाखवायचा असतो. सहलीची वेगळी वही करा. आम्ही दरमहा प्रत्येकी २५० रुपये बाजूला टाकले. १२ महिन्यांत प्रत्येकीचे ३००० झाले, १५ जणींचे ४५,०००. ज्या दोघींना २५० झेपत नव्हते, त्यांनी आधीपासून सुरुवात करून १५ महिने २०० रुपये भरले. कुणाला मागे ठेवायचं नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं. राहणं, जेवण आणि होडी यांचे दर आधी फोनवर ठरवा आणि वहीत लिहा.

घरचा प्रश्न पैशांपेक्षा अवघड असतो. "कशाला हवी सहल? देवाला जा की," असं बऱ्याच घरांत ऐकायला मिळतं. आम्ही प्रत्येक घरी एक कागद दिला. कुठे जाणार, कुठे राहणार, कुणाचा फोन लागेल आणि कधी परतणार, सगळं त्यावर लिहिलेलं. ज्या घरात म्हातारं माणूस किंवा दुभती जनावरं होती, तिथे शेजारणीनं तीन दिवस बघायचं ठरवलं आणि पुढच्या सहलीला तिची पाळी लावली. दोन सासवा स्वतःच म्हणाल्या, "आमचं राहिलं, तू जाऊन ये." त्यातली एक शेवटी आमच्याबरोबर आली.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन गोष्टी बोला. आपल्या गटात समुद्र न पाहिलेल्या किती जणी आहेत? दरमहा किती रुपये प्रत्येकीला झेपतील? आणि जिला घरून नाही म्हणतील, तिच्या घरी बोलायला कोण जाईल? उत्तरं वहीत लिहा, मग कॅलेंडर काढून थंडीतली एखादी अष्टमी शोधा. पाऊणपट कशी करायची ते आता तुम्हाला ठाऊक आहेच.