खेळ आभासी, रस्ता मात्र खरा

माहिती-तंत्रज्ञानाने आपल्या दैनंदिन व्यवहारांप्रमाणेच खेळांचेही स्वरूप पालटून टाकले आहे. विटीदांडू आणि लगोरी खेळणारी मुले संगणकाच्या पडद्यासमोर बसू लागली, तेव्हा ती घराबाहेर पडत नाहीत अशी पालकांची तक्रार होती. २०१६ साली ही तक्रार नेमकी उलट झाली. मोबाइल हातात धरून मुले, तरुण आणि नोकरदार मंडळीही रस्तोरस्ती हिंडू लागली. निमित्त होते 'पोकेमॉन गो' या खेळाचे. जुलै २०१६ मध्ये काही देशांत आलेला हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात अधिकृतपणे दाखल झाला.

'ऑगमेंटेड रिॲलिटी', म्हणजेच संवर्धित वास्तव, हे या खेळामागील तंत्र होय. उपग्रहांच्या साहाय्याने मोबाइल आपले स्थान ओळखतो, पडद्यावर परिसराचा नकाशा उमटतो आणि कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर एखादा काल्पनिक प्राणी अवतरतो. तो पकडण्यासाठी खेळाडूला प्रत्यक्ष चालत जावे लागते. खेळातील थांबे बहुधा स्मारके, शिल्पे, उद्याने आणि प्रार्थनास्थळे अशा सार्वजनिक जागी असतात.

परिसराची नव्याने ओळख

दिल्लीतील आर. के. पुरम या वसाहतीचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची ही वसाहत अनेक सेक्टरांत विभागलेली आहे. सेक्टर ५ मध्ये लोदी काळातील घुमट आणि बारव आहे. सेक्टर ७ मधील टेकडीवर दाक्षिणात्य शैलीचे मलाई मंदिर आहे. कार्यालयाच्या घाईत असलेला रहिवासी अशा वास्तूंवरून रोज जातो, परंतु क्षणभर थांबत नाही. पायी हिंडायला लावणारा खेळ त्याला थांबवू शकतो.

दुसरा लाभ सामाजिक आहे. बदलीच्या नोकरीमुळे सरकारी वसाहतींत कुटुंबे येतात आणि जातात. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या मुलाला हिंदीभाषक सवंगडी मिळायला वेळ लागतो. जून २०१७ पासून या खेळात अनेकांनी एकत्र येऊन लढण्याच्या सामूहिक मोहिमा सुरू झाल्या. त्यासाठी एका ठिकाणी जमणाऱ्यांमध्ये भाषा, वय आणि हुद्दा यांचे अंतर काही काळ तरी पुसले जाते.

आरोग्याच्या लाभाबाबत मात्र तारतम्य हवे. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डिसेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील तरुणांच्या अभ्यासानुसार पहिल्या आठवड्यात खेळाडू दररोज सरासरी ९५५ पावले अधिक चालले. पण सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ नाहीशी झाली. नवलाई ओसरली की चालणेही ओसरते. सवय टिकवायची असेल तर ती माणसानेच टिकवावी लागते.

धोका कोठे आहे?

या खेळाचे मैदान आखलेले नसते, हाच त्याचा मुख्य धोका आहे. आर. के. पुरमच्या उत्तरेस रिंग रोड आणि दक्षिणेस आउटर रिंग रोड आहे. वसाहतीतील बागेत सुरू झालेला पाठलाग काही मिनिटांत भरधाव वाहनांच्या रस्त्यापर्यंत पोहोचू शकतो. पडद्यावरील नकाशात रस्ता दिसतो. त्यावरून येणारी बस दिसत नाही.

वाहन चालवताना खेळणे तर सर्वांत घातक. जुलै २०१६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे खेळात गुंतलेल्या चालकाची मोटार रिक्षावर आदळल्याचे वृत्त आले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जपानमधील इचिनोमिया शहरात एका मालमोटारचालकाचे लक्ष खेळाकडे होते. त्याच्या वाहनाखाली नऊ वर्षांच्या मुलाचा बळी गेला. तो मुलगा शाळेतून घरी परतत होता. खेळणाऱ्याच्या बेसावधपणाची किंमत न खेळणाऱ्याला मोजावी लागली. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातातील उपकरणाचा वापर धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे समाविष्ट केला आहे.

अनोळखी व्यक्तींपासूनही सावध राहावे. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात लुटारूंनी याच खेळाचा उपयोग करून खेळाडूंना निर्जन जागी गाठल्याचे पोलिसांनी सांगितले होते. शिवाय, स्थळाचे पावित्र्य जपणेही आवश्यक आहे. प्रार्थनास्थळी खेळातील अंडी दिसतात, या आक्षेपावरून सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती.

ग्राहकांनी घ्यावयाची काळजी

आर्थिक सुरक्षेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भारतात अधिकृत आगमनापूर्वीच अनेकांनी हा खेळ अन्य मार्गांनी मोबाइलवर उतरवून घेतला होता. त्याच सुमारास, जुलै २०१६ मध्ये, 'ड्रॉइडजॅक' ही घातक आज्ञावली मिसळलेली खेळाची एक प्रत सुरक्षा-तज्ज्ञांना आढळली. अशा प्रतीद्वारे दूरच्या व्यक्तीच्या हाती मोबाइलचा ताबा जाऊ शकतो. ज्या मोबाइलवर बँकेचे संदेश आणि ओटीपी येतात, त्यावर अशी प्रत असणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारात टांगून ठेवणे होय.

म्हणून खेळ नेहमी अधिकृत ॲप स्टोअरमधूनच घ्यावा. संपर्क-यादी, संदेश यांसारख्या अनावश्यक परवानग्या नाकाराव्यात. खेळातील नाणी खऱ्या पैशांनी विकत घेता येतात. त्यामुळे मुलांच्या हाती दिल्या जाणाऱ्या मोबाइलवर कार्डाचा तपशील साठवू नये आणि प्रत्येक खरेदीस पासवर्डची अट ठेवावी. 'फुकट नाणी' देऊ करणाऱ्या दुव्यांना स्पर्शही करू नये. ओटीपी किंवा यूपीआय पिन कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे.

पालकांनी मुलांसाठी तीन साधे नियम घालून द्यावेत : चालताना पडद्याकडे पाहायचे नाही, आधी थांबायचे आणि मग पाहायचे, वसाहतीची हद्द ओलांडायची नाही, दिवेलागणीपूर्वी घरी परतायचे. स्वतः पालकही एखाद्या रविवारी मुलांसोबत निघाले, तर उत्तमच. खेळातला प्राणी सापडो वा न सापडो, घुमटाच्या सावलीत चार घटका एकत्र घालवल्याचे समाधान निश्चित लाभेल. तंत्रज्ञान आपल्याला दारापर्यंत आणून सोडते. उंबरठ्याबाहेर डोळे उघडे ठेवण्याची जबाबदारी मात्र आपलीच आहे.