ऑफिसचं सॉफ्टवेअर: स्वतःचं की भाड्याचं?

गुगल डॉक्समध्ये प्रोजेक्ट लिहिता तेव्हा ती फाइल नक्की कुठे असते? मी सेवाग्रामला राहतो. इथे पावसात वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलची रेंजही जाते. ऑफलाइन सेटिंग आधीच चालू केलं नसेल, तर ऑनलाइन फाइल उघडत नाही. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरची मात्र उघडते. मोठ्या कंपन्यांत क्लाउड आणि पारंपरिक ऑफिस सॉफ्टवेअर यांची जी चुरस चालते, ती याच फरकावर.

पूर्वी कंपनी मायक्रोसॉफ्ट ऑफिसची लायसन्स एकदाच विकत घ्यायची आणि मेलचा सर्व्हर ऑफिसातल्याच एखाद्या खोलीत ठेवायची. २००६ मध्ये गुगलने ब्राउझरमध्ये चालणारे डॉक्स-शीट्स आणले. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही ऑफिस ३६५ काढून भाडं घ्यायला सुरुवात केली. सोय मोठी आहे, यात वाद नाही. एकाच गुगल डॉक्समध्ये १०० जण एकाच वेळी लिहू शकतात, त्यामुळे 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' अशा कॉप्या फिरवाव्या लागत नाहीत. तरी हिशेबवाले एक्सेल सोडत नाहीत. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम मावतात. गुगल शीट्सची अख्खी फाइल १ कोटी सेलवर थांबते.

पण खरा प्रश्न फीचर्सचा नाहीच. मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीचं काय झालं ते बघा. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे, म्हणून जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिचं आउटलुक आणि टीम्स बंद केलं. पैसे भरलेले, डेटा स्वतःचा, तरी मेल उघडेना! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, दरम्यान रेडिफच्या मेलवर काम चालवलं. महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाली. जुनं, हार्ड डिस्कवरचं वर्ड असं दुरून एका झटक्यात बंद पाडणं सोपं नव्हतं.

आमच्या आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलाय. गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून व्हाइसरॉय लिनलिथगोंनी तो बसवून दिला होता. फोन आश्रमात, पण लाइन सरकारच्या हातात. क्लाउडचंही तसंच.

नायराच्या प्रकरणानंतर स्वदेशी सॉफ्टवेअरची चर्चा वाढली. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या प्लॅटफॉर्मवर गेल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. डेटा देशात राहतो, कायदा आपला लागतो, हे चांगलंच. पण माझ्या मते यात फक्त घरमालक बदलला. घर अजून भाड्याचंच आहे. म्हणून कंपन्यांनी क्लाउड जरूर वापरावा, पण मेल आणि महत्त्वाच्या फाइल्सची एक प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी.

तुम्हाला हेच फुकट करता येतं. गुगल टेकआउटवर जाऊन ड्राइव्ह निवडा आणि सगळा डेटा डाउनलोड करा. एकच फाइल हवी असेल तर डॉक्समध्ये 'डाउनलोड'वर जाऊन वर्डचा फॉरमॅट घ्या. कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्ह फोल्डरमधून गुगल डॉक्सची फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी करू नका. त्यात मजकूर नसतो, फक्त लिंक असते.