गिटारीत कॉम्प्रेसर कशाला?

विद्यार्थी मित्रांनो, कॉम्प्रेसर हा शब्द ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? पंक्चरच्या दुकानातले हवा भरण्याचे यंत्र, नाहीतर फ्रिजच्या मागे घुरघुरणारा काळा डबा. आमच्या देऊळगाव राजातल्या एका शेतकरी पालकांनाही तेच वाटले. त्यांचा मुलगा आमच्या महाविद्यालयात अकरावीला आहे. सोयाबीनच्या सोंगणीत काम करून त्याने साडेतीन हजार रुपये जमवले आणि घरी सांगितले, “मला गिटारीसाठी कॉम्प्रेसर घ्यायचा आहे.” वडील म्हणाले, “गिटारीत काय हवा भरायची आहे?” शेवटी असे ठरले, की फिजिक्सच्या सरांना विचारायचे. ते हो म्हणाले तरच घ्यायचा.

असा हा निवाडा माझ्याकडे आला. मला गिटार वाजवता येत नाही. पण मुलाच्या घामाच्या पैशांचा प्रश्न होता. नुसते हो किंवा नाही म्हणून कसे चालेल? तेव्हा आम्ही दोघांनी मिळून जो विचार केला, तो तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम त्याची तक्रार ऐका. त्याची गिटार विजेची आहे. तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली, की वेटोळ्यात अगदी थोडा विद्युतदाब निर्माण होतो. ध्वनिवर्धक तो मोठा करून कर्ण्याला देतो. मुलगा म्हणाला, “सर, सगळ्या तारा एकदम छेडल्या की जाड तारा ओरडतात आणि बारीक तारा ऐकूच येत नाहीत. शिवाय लांब सूर लगेच विरतो. स्नेहसंमेलनात वाजवायचे आहे.”

मोठा आवाज थोडा दाबायचा आणि लहान आवाज वर आणायचा, हे काम तुम्ही कितीतरी वेळा पाहिले आहे. कीर्तनकारबुवा वरच्या पट्टीत जाताना ध्वनिक्षेपकापासून मान मागे घेतात आणि हळू बोलताना पुढे झुकतात. इतकेच काय, तुमच्या कानातही असा एक कारागीर बसलेला आहे. मध्यकर्णातल्या रिकीब नावाच्या इवल्या हाडाला एक स्नायू जोडलेला असतो. मोठा आवाज झाला, की तो आखडतो आणि आत जाणारा आवाज कमी करतो. पण त्याला जागे व्हायला सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत वेळ लागतो. म्हणून जवळ अचानक फुटलेल्या सुतळी बाँबपुढे त्याचे काही चालत नाही. हा उशीर ध्यानात ठेवा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

मुंबईत 1927 साली नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्या काळी जगभरच्या नभोवाणी केंद्रांपुढे हीच अडचण होती. गायकाचा आवाज मर्यादेबाहेर चढला, की प्रक्षेपणात तो फाटून जाई. म्हणून एक माणूस बटणावर हात ठेवून बसे. आवाज चढला की बटण मागे, उतरला की पुढे. 1930 च्या दशकात हे काम आपोआप करणारी मंडले तयार झाली. 1960 च्या दशकात जेम्स लॉरेन्स या अमेरिकन अभियंत्याने तर प्रकाशाचा सुंदर उपयोग केला. आवाजाच्या विद्युतदाबावर एक लहान दिवा उजळतो. त्याचा प्रकाश कॅडमियम सल्फाइडच्या रोधावर पडतो. प्रकाश वाढला, की हा रोध कमी होतो आणि आवाजाचा काही भाग त्या वाटेने बाजूला वळवला जातो. म्हणजे मोठा आवाज स्वतःच स्वतःला दाबतो! 1970 च्या दशकात हीच कल्पना निरनिराळ्या मंडलांच्या रूपाने पायाने दाबायच्या लहान डबीत आली. तिलाच कॉम्प्रेसर पेडल म्हणतात.

याचा एक भाग तुम्हाला घरीच पाहता येईल. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात एल.डी.आर. नावाचा प्रकाशसंवेदी रोध काही रुपयांत मिळतो. तो मल्टिमीटरला जोडा, रोध मोजण्याची मापनश्रेणी निवडा आणि खोलीत अंधार करा. आता बॅटरीचा झोत त्यावर टाका. आकडा झटकन खाली येईल. झोत बंद करा. आकडा वर चढेल, पण सावकाश. दाबायला लागणारा वेळ आणि सोडायला लागणारा वेळ असे दोन वेळ प्रत्येक कॉम्प्रेसरला असतात. पुष्कळ पेडलांवर ते बदलण्यासाठी बटणे असतात. दाबायला थोडा उशीर ठेवला, तर नखीचा ‘टण्’ असा पहिला ठोका निसटून जातो आणि फक्त मागचा सूर दाबला जातो. कानातला कारागीर सुतळी बाँबपुढे उशिरा जागा होतो, तसेच हे आहे. फरक एवढाच, की इथे तो उशीर मुद्दाम ठेवलेला असतो.

आता थोडे गणित करू. आवाजातला फरक आपण डेसिबलमध्ये मोजतो. विद्युतदाब दुप्पट झाला, की सुमारे 6 डेसिबल वाढले असे समजा. पेडलावर एक उंबरठा ठरवलेला असतो. आवाज त्याच्या खाली असेल, तर पेडल काही करत नाही. वर गेला, तर ठरलेल्या प्रमाणात दाबते. समजा, प्रमाण 4 ला 1 आहे. आवाज उंबरठ्याच्या वर 12 डेसिबल गेला, तर बाहेर फक्त 3 डेसिबल वर येतो. म्हणजे 9 डेसिबल कापले गेले.

आता लांब सुराकडे पाहा. समजा, तारेचा आवाज दर सेकंदाला 4 डेसिबलने उतरतो आहे. तीन सेकंदांत तो 12 डेसिबल खाली येईल, म्हणजे विद्युतदाब चौथा हिस्सा राहील. पण पेडलातून तोच सूर दर सेकंदाला एकच डेसिबल उतरेल. तीन सेकंदांनी घट फक्त 3 डेसिबल! कानाला वाटते, सूर लांबला. खरे तर तार पूर्वीइतकीच कंप पावते आहे. पेडल तारेला ऊर्जा देत नाही. ते सुरुवातीचा मोठा भाग कापते, एवढेच. तीन सेकंदांनंतर आवाज उंबरठ्याखाली गेला, की सूर पुन्हा आपल्या जुन्या वेगाने विरू लागतो.

मग एकूण आवाज लहान नाही का झाला? झाला. म्हणून पेडल शेवटी सगळा आवाज वाढवून देते. कापलेले 9 डेसिबल भरून काढले, असे धरा. आता गंमत पाहा. ही वाढ फक्त सुराला मिळत नाही. पिकअपने पकडलेली विजेची गुणगुण, वायरीची खरखर, सगळ्यांनाच मिळते. तुम्ही वाजवायचे थांबलात, की दाबायला काही उरत नाही आणि गुणगुण मात्र सुमारे पावणेतीनपट विद्युतदाबाने पुढे येते. दुसरी किंमत याहून मोठी आहे. हलक्या हाताचा आणि जोरकस हाताचा फरकच कमी होतो. ज्याला हा फरक हवा आहे, त्याच्याकडून पेडल तो काढून घेते.

एवढे समजल्यावर आम्ही मोजमापाला लागलो. मुलाने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून आणले होते. त्यात सगळ्या तारा जवळजवळ सारख्याच ऐकू येत होत्या! मग तक्रार खोटी होती का? नाही, साक्षीदार फितूर होता. अनेक मोबाइल ध्वनिमुद्रण करताना आवाज आपोआप कमी-जास्त करतात, म्हणजे त्यांच्या पोटातही एक कॉम्प्रेसर असतो. ज्या गोष्टीचे माप घ्यायचे, तीच गोष्ट मापणारे साधन बदलत होते. मित्रांनो, प्रयोगवहीत आकडा लिहिण्यापूर्वी हे नेहमी आठवा.

मग गिटार प्रयोगशाळेत आणली आणि सरळ सी.आर.ओ.ला जोडली. होईल तितक्या सारख्या जोराने प्रत्येक तार छेडली आणि असे पाच-पाच वेळा केले. जाड तारेची लहर पडद्यावर चार घरे उंच, तर बारीक तारेची जेमतेम दोन. म्हणजे 6 डेसिबलचा फरक! नीट पाहिले, तर पिकअप तिरका बसला होता. जाड तारांना तो चिकटल्यासारखा जवळ होता आणि बारीक तारांपासून दूर. दोन्ही टोकांचे स्क्रू पेचकसाने थोडे थोडे फिरवले. अर्ध्या तासात सहाही लहरी जवळजवळ एका उंचीच्या झाल्या. अर्धी तक्रार तिथेच मिटली आणि खर्च झाला शून्य रुपये.

गुणगुण कुठून येते तेही शोधले. घरातल्या ज्या खटक्याच्या पेटीवर त्याचा ध्वनिवर्धक चाले, तिथे अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. हे आवाजापुरतेच वाईट नाही, जिवालाही धोका आहे. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी वायरमनला बोलावले.

उरला लांब सूर. तो मात्र पेचकसाने लांबत नाही. पण मुलगा संमेलनात जे गाणे वाजवणार होता, त्यात तो ध्वनिवर्धक मुद्दाम चढवून आवाज थोडा फाटलेला ठेवतो. आवाज फाटतो, म्हणजे लहरींचे शेंडे कापले जातात. हाही एक प्रकारचा कॉम्प्रेसरच झाला. त्या गाण्यापुरती पेडलाची गरज नव्हती. स्वच्छ आवाजात संथ, लांब सुरांची धून वाजवायची असती, तर मी हो म्हणालो असतो.

तुमच्यापैकी कोणी अशाच विचारात असेल, तर याच क्रमाने जा. आधी पिकअपची उंची पाहा. मग गुणगुण काढा. मग पंधरा दिवस हाताने सारखा जोर द्यायचा सराव करा. एवढे करूनही लांब सूर कमी पडला, तर कोणाचे तरी पेडल एक दिवस मागून आणा. ते चालू-बंद करून वाजवा आणि मित्राला पाठ फिरवून ऐकायला बसवा. चालू केव्हा आणि बंद केव्हा, हे त्याला दहापैकी नऊ वेळा ओळखता आले आणि चालू असतानाचे वादन त्याला आवडलेही, तर पैसे खुशाल खर्च करा.

आमच्या विद्यार्थ्याने नवा तारांचा संच आणि एक चांगली वायर घेतली. उरलेले पैसे त्याच्याजवळ आहेत. वडील भेटले तेव्हा विचारू लागले, “मग सर, त्या गिटारीत हवा भरायची की नाही?” मी म्हणालो, “भाऊ, तो कॉम्प्रेसर हवा भरत नाही, काढतो. आणि सध्या काढण्यासारखी जास्तीची हवा पोराच्या गिटारीत नाही.”