चेर्नोबिल : दुधातून घरात आलेले विष

मुलांना दूध द्या, असे आम्ही परिचारिका वर्षानुवर्षे सांगत आलो. १९८६ च्या मे महिन्यात युक्रेन, बेलारूस आणि रशियातल्या खेड्यांत आयांनी तेच केले. घरच्या गाईचे ताजे दूध लेकरांना पाजले. त्या दुधात किरणोत्सर्गी आयोडीन उतरले होते. सरकारला धोका माहीत होता. आयांना कोणी वेळेत सांगितले नाही.

अपघात कसा झाला?

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री १ वाजून २३ मिनिटांनी, तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधील चेर्नोबिल प्रकल्पाची चौथी अणुभट्टी फुटली. त्या वेळी एक चाचणी चालू होती. बाहेरची वीज गेली तर बंद पडत चाललेल्या टर्बाइनच्या उरलेल्या वेगावर पाण्याचे पंप चालतील का, हे पाहायचे होते. चाचणी दिवसा व्हायची होती. पण कीव्हहून विजेची मागणी आली, काम पुढे ढकलले आणि पुरेशी तयारी नसलेल्या रात्रपाळीच्या माथी आले. पाळी बदलताना रुग्णाची माहिती नीट हाती आली नाही तर काय होते, हे वॉर्डात काम केलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

भट्टीची शक्ती फार खाली गेली. ती वर आणण्यासाठी बहुतेक नियंत्रण दांडे बाहेर काढले गेले. काही सुरक्षा यंत्रणा बंद ठेवल्या होत्या. शेवटी आणीबाणीचे बटण दाबले, तेव्हा आत जाणाऱ्या दांड्यांच्या ग्रॅफाइटच्या टोकांनी क्षणभर शक्ती उलट वाढवली. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, तसे झाले. किरणोत्सर्ग अडवणारी भक्कम बंदिस्त इमारतही या भट्टीभोवती नव्हती.

दांड्यांचा हा दोष १९८३ मध्येच लिथुआनियातील तशाच भट्टीत दिसला होता. चेर्नोबिलच्या कामगारांना त्याचे गांभीर्य सांगितले गेले नाही. आधी सगळा दोष त्यांच्यावर टाकला गेला, शिक्षाही झाल्या. पुढे १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञांनीच भट्टीची सदोष रचना आणि सुरक्षेबाबतची बेफिकिरी ही मोठी कारणे मानली.

मौनाचे दिवस

त्या रात्री हाताशी असलेल्या मापकांचा काटा ताशी ३.६ रॉन्टजेनवर संपत होता. तोच आकडा वर कळवला गेला. शंभरपर्यंतच आकडे असलेल्या थर्मामीटरने ताप मोजून ‘ताप शंभरच आहे’ म्हणण्यासारखे हे झाले.

शेजारच्या प्रिप्यात शहरात सुमारे ४९ हजार लोक राहत होते. शनिवारी मुले शाळेत गेली, बाहेर खेळली. स्फोटानंतर सुमारे ३६ तासांनी, तीन दिवसांसाठी जायचे आहे असे सांगून, त्यांना बसमध्ये बसवले. ते परत आलेच नाहीत. २८ एप्रिलला स्वीडनमधील एका अणुप्रकल्पात किरणोत्सर्ग आढळला, तेव्हा कुठे मॉस्कोने संध्याकाळी चार ओळींची बातमी दिली. १ मे रोजी कीव्हमध्ये लहान मुलांसह मिरवणूक निघाली.

शरीरावर काय झाले?

पहिले बळी आगविझवे आणि प्रकल्पाचे कामगार. उलट्या, डोकेदुखी, लाल पडलेली कातडी. मग काही दिवस बरे वाटते आणि घरच्यांना आशा येते. पण आत हाडांतील मगज नवे रक्त बनवणे थांबवतो. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव सुरू होतो. १३४ जणांना हा तीव्र किरणोत्सर्ग आजार झाला. त्यांतले २८ जण त्याच वर्षी गेले. प्रिप्यातच्या दवाखान्यात परिचारिकांनी आगविझव्यांचे कपडे काढून तळघरात टाकले. ते अनेक दशकांनंतरही किरणोत्सर्गी होते.

पुढे साफसफाईला सुमारे ६ लाख माणसे लावली गेली. यंत्रे बंद पडली तेथे सैनिकांना फावडी देऊन छपरावर पाठवले, एका वेळी मिनिट-दोन मिनिटांसाठी. सगळ्यात घाण आणि धोक्याचे काम कोणाच्या वाट्याला येते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मुलांचे दुखणे गळ्यात होते. थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते. ते चांगले की किरणोत्सर्गी, हा भेद तिला कळत नाही. ढगातून गवतावर, गवतातून गाईत, गाईतून दुधात असे ते आले. या आयोडीनची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते. म्हणजे काही आठवडे ताजे दूध थांबवले असते आणि साध्या आयोडीनच्या गोळ्या वेळेत दिल्या असत्या, तर पुष्कळ मुले वाचली असती. पोलंडने सुमारे एक कोटी मुलांना काही दिवसांतच आयोडीन दिले. तिकडे चेर्नोबिलच्या प्रदेशात, तेव्हा अठराच्या आत असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६ हजारांहून अधिक रुग्ण सापडले. शस्त्रक्रियेने बहुतेक जगले. गळ्यावरचा व्रण आणि रोजची गोळी मात्र राहिली.

विटाळ आणि भीती

गाव सोडून आलेल्यांना नव्या ठिकाणी लोक टाळू लागले, जणू त्यांचा विटाळ होतो. कपडे बदलून, अंग धुऊन आलेल्या माणसाजवळ बसल्याने किरणोत्सर्ग लागत नाही. ग्रीससारख्या दूरच्या देशातही बायांनी घाबरून गर्भपात करून घेतले, धोका तेवढा नसताना. निराशा, दारू आणि सततची धास्ती यांनी हजारो घरे पोखरली.

आपण लक्षात ठेवू

आपल्या पालघर जिल्ह्यात तारापूरचा प्रकल्प १९६९ पासून आहे. त्याची रचना चेर्नोबिलसारखी नाही, पण तयारी कोठेही लागतेच.

• अपघाताची सूचना आली तर घरात जा, दारे-खिडक्या बंद करा. बाहेरून आलात तर कपडे काढून पिशवीत बांधा, साबणाने अंघोळ करा.
• उघड्यावरचे पाणी, ताजे दूध, पालेभाजी परवानगी मिळेपर्यंत टाळा.
• आयोडीनची गोळी आरोग्य यंत्रणेने सांगितल्यावरच घ्या. मुले, गरोदर व स्तनदा माता आधी. ती फक्त थायरॉइड वाचवते, इतर किरणोत्सर्गापासून नाही.
• जखमेवर लावायचे टिंक्चर आयोडीन पिऊ नका, घसा भाजेल. जास्त मीठ खाऊनही उपयोग नाही.

प्रकल्पाजवळच्या बंधू-भगिनींनी ग्रामसभेत हे प्रश्न लेखी विचारावेत : गोळ्या कोठे ठेवल्या आहेत? सूचना कोण, कोणत्या भाषेत देणार? गाड्या कोठे येणार? रंगीत तालीम शेवटची कधी झाली? कंत्राटी कामगाराच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला असतो का, आणि त्यावरची नोंद त्याला दाखवतात का? उत्तर लेखीच मागा.