विटाळ आणि प्रदूषण : विनयपिटकातील जलविचार

पाणी कशाने अशुद्ध होते, या प्रश्नाला भारताच्या इतिहासात दोन उत्तरे दिली गेली. माणसाच्या जन्माने पाणी बाटते, हे पहिले उत्तर. मलमूत्र, थुंकी आणि घाण मिसळल्याने पाणी नासते, हे दुसरे. पहिल्यास विटाळ म्हणतात, दुसऱ्यास प्रदूषण. तथागतांनी पहिले उत्तर नाकारले आणि दुसऱ्यावर भिक्खुसंघासाठी नियम घालून दिले. नद्यांची आजची अवस्था पाहता हा भेद वाचकांपुढे सविस्तर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पाण्यात बुडी मारल्याने पाप धुतले जाते, ही समजूत बुद्धकाळी दृढ होती. मज्झिमनिकायातील वत्थूपमसुत्तात सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण बाहुका नदीच्या पावनत्वाची महती सांगतो, तेव्हा दुष्कर्म करणाऱ्यास नदी शुद्ध करू शकत नाही, असे भगवान त्यास समजावतात. थेरीगाथेतील पुण्णिका ही तर पाणी वाहणारी दासी. थंडीत कुडकुडत स्नान करणाऱ्या ब्राह्मणास ती विचारते की, पाण्याने मुक्ती मिळत असेल तर बेडूक, कासवे आणि मासे सारेच स्वर्गाला जातील काय? या विचाराची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जे पाणी माणसाचे कर्म धुऊ शकत नाही, ते पाणी माणसाच्या जन्माने मळूही शकत नाही. पाण्याकडे पाणी म्हणून पाहण्याची दृष्टी येथून सुरू होते.

ही दृष्टी विनयपिटकात आचारात उतरलेली दिसते. पातिमोक्खातील सेखिय नियमांपैकी शेवटचा, म्हणजे 75वा नियम असा की, आजारी नसलेल्या भिक्खूने पाण्यात मलमूत्रविसर्जन करू नये व थुंकू नये. छब्बग्गिय भिक्खूंच्या अशा वर्तनाबद्दल लोकांनी तक्रार केली, त्यावरून हा नियम झाला. पुढे आजारी भिक्खूंना संकोच वाटू लागला, म्हणून त्यांच्यापुरती सूट देण्यात आली. नियमाला कारण आहे आणि अपवादाला करुणा आहे. पाचित्तियातील 20वा व 62वा हे नियम, पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असताना ते पाणी गवतावर वा मातीवर ओतण्यास आणि वापरण्यास मनाई करतात.

त्यासाठीच ‘परिस्सावन’ म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र भिक्खूच्या आठ परिक्खारांत गणले गेले. चुल्लवग्गात एक करुण प्रसंग आहे. कोसल देशात दोन भिक्खू प्रवास करीत होते. त्यांच्यात बेबनाव झाला होता. एकाजवळ गाळणे होते. दुसऱ्याने मागितले असता त्याने दिले नाही आणि तो दुसरा भिक्खू तहानेने मरण पावला. तेव्हा भगवंतांनी नियम केला की, मागणाऱ्यास गाळणे नाकारू नये आणि गाळण्यावाचून प्रवासास निघू नये. गाळणे नसेल तर संघाटीच्या पदराने पाणी गाळून प्यावे. शुद्ध पाण्याचे साधन एकाच्या मालकीचे असले, तरी तहानलेल्यास ते नाकारण्याचा अधिकार त्याला नाही, असा याचा अर्थ आहे.

चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खंधक आम्ही पुनःपुन्हा वाचतो, कारण तेथे जलव्यवस्थापनाचा जणू आराखडाच आढळतो. विहिरीचा काठ ढासळतो, म्हणून विटा, दगड वा लाकूड यांचे बांधकाम करावे. सखल जागी पाणी आत शिरते, म्हणून जोते उंच करावे. उघड्या विहिरीत धूळ व कचरा पडतो, म्हणून झाकण घालावे. भिक्खू आरामात कोठेही स्नान करू लागले आणि चिखल झाला, म्हणून स्नानाची जागा वेगळी करावी, तिला भिंत घालावी, फरसबंदी करावी आणि सांडपाणी वाहून नेणारे ‘उदकनिद्धमन’ म्हणजे गटार काढावे. मलमूत्रविसर्जनाची जागा एका बाजूस असावी व खड्ड्यावर झाकण असावे. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी यांचे मार्ग परस्परांना भेटू न देणे, हे आजच्या आरोग्यशास्त्राचेही पहिले सूत्र आहे.

महाराष्ट्रातील लेण्यांत हाच विचार दगडात कोरलेला आहे. साष्टी बेटावरील कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी असून अनेकांच्या दारात पाण्याचे टाके आहे. डोंगरावर पडणारा पाऊस खोदीव पन्हळींतून या टाक्यांत उतरविला जाई. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हणतात. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने दिलेल्या पाणियपोढीचा लेख कान्हेरीस आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताच्या लेखातही लेण्याबरोबर पोढ्यांचा उल्लेख येतो, तसाच नदीतीरावरील प्रपांचा, म्हणजे पाणपोयांचाही येतो. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात रस्त्यांच्या कडेने विहिरी खोदविल्याची नोंद आहे. विहार, पाणी आणि दान यांचे हे नाते आपल्या वारशाचा गाभा आहे.

पाणी स्वच्छ ठेवणे हा अर्धा प्रश्न झाला. त्याची वाटणी हा उरलेला अर्धा. धम्मपद-अट्ठकथेतील रोहिणी नदीची कथा वाचकांना परिचित आहे. जेठ महिन्यात पाणी कमी पडले, पिके सुकू लागली आणि शाक्य व कोलिय यांचे शेतमजूर भांडू लागले. भांडण पाण्यावरून निघाले आणि परस्परांचे कूळ काढण्यापर्यंत गेले. पाणी अधिक मोलाचे की माणसे, असा प्रश्न भगवंतांनी त्यांना केला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात याच रोहिणीच्या तंट्यास सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण मानले. त्यांचा सिद्धार्थ युद्धास विरोध करतो आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी नेमून लवादाने तंटा मिटवावा, असे सुचवितो.

बाबासाहेबांना हा प्रश्न केवळ ग्रंथातून ठाऊक नव्हता. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी तळ्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. विनयाच्या कसोटीवर हे कृत्य तपासून पाहावे. माणसाच्या स्पर्शाने पाण्यात काहीही मिसळले नव्हते. शुद्धीच्या नावाने मात्र प्रत्यक्ष मलमूत्र मिसळले गेले. विटाळाची कल्पना प्रदूषणाला जन्म देते, याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस माहीत नाही. तळ्यावरील हक्काच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांना दिशा दिली. 1945 साली स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग हा आजच्या केंद्रीय जल आयोगाचा पूर्वज होय. पुराचे पाणी हे संकट समजून समुद्रात लोटण्यापेक्षा ती संपत्ती समजून साठवावी, अशी त्यांची भूमिका होती.

आता आजची स्थिती पाहू. कान्हेरी ज्या डोंगरांत आहे त्याच डोंगरांत 1860 साली पूर्ण झालेला विहार तलाव आहे. त्याच्या सांडव्याच्या पाण्यातून मिठी नदी निघते आणि माहीमच्या खाडीस मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातील 351 नदीपट्टे प्रदूषित ठरविले. त्यांत महाराष्ट्रातील 53 होते आणि मिठीचा समावेश सर्वांत गंभीर वर्गात होता. 2022 च्या अहवालात देशाची संख्या 311 पर्यंत उतरली, महाराष्ट्राची मात्र 55 झाली. हे मोजमाप प्राणवायूच्या मागणीवरून होते. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जंतू खातात आणि ती खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात. एक लिटर पाण्यामागे ही मागणी 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक झाली की पट्टा प्रदूषित समजतात. 30 च्या पुढे गेली की तो पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात जातो. अशा पाण्यात मासे जगत नाहीत. हे पाणी कोणाच्या जातीने नासलेले नाही. प्रक्रिया न करता सोडलेल्या सांडपाण्याने ते नासले आहे, आणि त्याचा पहिला त्रास नाल्याकाठच्या वस्त्यांना होतो. त्या वस्त्यांत आपले बांधव मोठ्या संख्येने राहतात.

जल प्रदूषण प्रतिबंधक कायदा 1974 सालचा आहे. कायदा असूनही आचार नसेल तर काय होते, ते नद्या सांगत आहेत. म्हणून आमची सूचना विहारापासून सुरू होते. प्रत्येक विहाराने छपरावरचे पावसाचे पाणी गाळून टाक्यात साठवावे. ती आपली पोढी ठरेल. विहिरीस झाकण व कठडा असावा. सांडपाण्याची वाट ओढ्याकडे न जाता शोषखड्ड्याकडे जावी आणि तो खड्डा विहिरीपासून दूर असावा. उपासक-उपासिकांनी वर्षातून एकदा तरी पिण्याचे पाणी तपासून घ्यावे आणि आपल्या वस्तीचे सांडपाणी कोठे जाते, हा प्रश्न नगरपालिकेस लेखी विचारावा. गाळणे हाती असताना ते नाकारणाऱ्या भिक्खूचा दोष आज ज्यांच्या हाती नळ, धरणे व प्रक्रियाकेंद्रे आहेत, त्यांच्याकडे जातो. हा दोष त्यांना दाखवून देणे आणि आपल्या विहारात तो घडू न देणे, ही दोन्ही कर्तव्ये आपली आहेत.