माटुऱ्याची रात्रपाळी

त्रिनिदादच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या माटुरा गावी मी गेले ती एका नियमाच्या ओढीने. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या सहा महिन्यांत इथल्या वाळूवर परवान्याशिवाय कुणालाही पाऊल टाकता येत नाही. आधी वन विभागाचा परवाना काढायचा, मग रात्री गावातला गाइड बरोबर घ्यायचा, आणि गाइड म्हणेल तेव्हाच पुढे सरकायचं. कॅरिबियन म्हटलं की झिपलाइन, धबधब्यापर्यंतची पायपीट, प्रवाळांवरचं स्नॉर्कलिंग अशी यादी समोर येते आणि पैसे मोजले की सगळं बेट पाहुण्याला मोकळं असतं. इथे अर्धं वर्ष पहिला हक्क लेदरबॅक कासवांचा. हे चालतं कसं आणि चालवतं कोण, ते मला बघायचं होतं.

पोर्ट ऑफ स्पेनहून रस्त्याने साधारण दोन तास. वाटेत सांग्रे ग्रांदेला थांबून डबल्स खाऊन घ्यावेत. हळदीच्या मऊ बाऱ्यांत, म्हणजे तळलेल्या पोळ्यांत, घातलेले हे छोले, उसाच्या मळ्यांवर १८४५ पासून आणलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांनी साऱ्या बेटाला खायला लावले आहेत. पुढे झाडी रस्त्यावर वाकते आणि समुद्र दिसण्याआधी ऐकू येतो. हा अटलांटिक आहे. लाटा आडदांड, पोहायला नकोच.

माझी गाइड साठीकडे झुकलेली बाई. लहानथोर सगळे तिला टँटी म्हणतात, म्हणून मीही टँटीच म्हणू लागले. कमरेच्या पिशवीत लाल काचेची बॅटरी, मोजायची टेप, पक्कड, धातूचे बिल्ले, चिप वाचायचं यंत्र आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही. पांढरा उजेड चालत नाही. त्याने मादी बुजते आणि अंडी न घालताच परत फिरते. फोन खिशात ठेवायला टँटीने एकदाच सांगितलं, पण अशा स्वरात की कुणाचा हात पुन्हा खिशाकडे गेला नाही.

काळोखात पहिल्यांदा जाणवला तो वास. कुजलेल्या अंड्यांचा, जड, घशात बसणारा. एका मादीने पुरलेली अंडी काही दिवसांनी दुसरी मादी तिथेच खणताना वर काढते. मग कुत्री येतात, पहाटे गिधाडं येतात. मी नाकाला ओढणी लावली तेव्हा टँटी म्हणाली की हा वास तिला आवडतो, कारण पूर्वीचा वास तिला आठवतो. तिच्या तरुणपणी इथे कोयत्याने कासवं मारत. मादी वाळूवर आली की तिला पळता येत नाही, एवढंच पुरे होतं. हवं तेवढं मांस कापून न्यायचे आणि उरलेलं धड उन्हात सोडून द्यायचे. अंडी घालायला आलेल्या दर दहांतली तीन मारली जात, असं गावातले जुने लोक सांगतात. तेव्हाच्या सडक्या मांसाच्या वासापुढे अंड्यांचा वास काहीच नाही, असं तिचं म्हणणं.

१९९० मध्ये किनाऱ्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी गावकऱ्यांनी ‘नेचर सीकर्स’ ही संस्था काढली. संस्थेतल्या सुझन लखन-बाप्टिस्ट यांचं नाव पुढे जगभर पोहोचलं, पण सुरुवातीच्या वर्षांत गस्त घालणाऱ्यांना गावातच शिव्या खाव्या लागल्या, कारण हातात कोयता घेऊन समोर उभा असलेला माणूस बहुधा शेजारीच असायचा. कायदा त्यांच्या मागून सावकाश आला. किनाऱ्यावर बंदी असतानाही मोसमाबाहेर समुद्रात कासव धरायला मुभा होती. ती पूर्ण बंद झाली २०११ मध्ये. म्हणजे वीस वर्षं हे लोक ज्या मादीला रात्री सांभाळत होते, तिच्या जातीची शिकार ऑक्टोबरात कायदेशीर होत होती. हे ऐकून मला संताप आला. टँटीने फक्त खांदे उडवले.

लेदरबॅक पहिल्यांदा दिसतं तेव्हा ते कासव आहे हे पटायला वेळ लागतो. पाठीला कवचाचे कठीण तुकडे नाहीत. काळी, रबरासारखी कातडी आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या सात धारा. लांबी सहज दीड मीटर, वजन तीनशे ते पाचशे किलोपर्यंत. डोक्यावर गुलाबी डाग. डोळ्यांतून चिकट पाणी गळत असतं. जेलीफिश खाऊन पोटात गेलेलं मीठ शरीर असं बाहेर टाकतं. हेच प्राणी उन्हाळ्यात कॅनडाच्या थंड पाण्यापर्यंत चरायला जातात आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा इकडे येतात. एका मोसमात एकच मादी दर नऊ-दहा दिवसांनी अंडी घालते, पाच-सहा वेळा, कधी त्याहून जास्त.

बाकीचं काम नेमाचं आहे: खांद्यातली चिप वाचायची, मागच्या पायाचा बिल्ला तपासायचा, नसला तर बसवायचा, टेप लावायची, वहीत लिहायचं. हे सगळं ती अंडी घालत असतानाच उरकायचं, कारण तेव्हा ती जणू गुंगीत असते आणि माणसाच्या स्पर्शाने हलत नाही.

पण मला राहून राहून आठवते ती एकच मादी. ती वाळूत बसली, पुढच्या वल्ह्यांनी अंगाखालची जागा मोकळी केली आणि मागच्या पायांनी खणायला लागली. हे खणणं पाहण्यासारखं असतं. डावा पाय आत जातो, त्याची कड वळते, ओंजळभर वाळू उचलून बाजूला ठेवतो, मग उजवा. मान मागे वळवून ती एकदाही बघत नाही, तरी खड्डा उभा, गोल आणि नितळ उतरत जातो. या मादीचा उजवा पाय मात्र घोट्यापासून नव्हता. जखम जुनी, बुजलेली. डावा पाय वाळू काढी, मग उजव्याची पाळी येई आणि ते थोटूक हवेत फिरून खाली येई. काहीच उचललं जात नसे. मग पुन्हा डावा. थोटकाने आपली पाळी एकदाही चुकवली नाही. उजवीकडची वाळू ढासळून खड्ड्यात पडत राहिली आणि ती खणत राहिली.

टँटी वाळूवर पालथी झोपली. डाव्या पायाला तिने आपलं काम करू दिलं आणि थोटूक फिरलं की आपला हात खड्ड्यात घालून वाळू बाहेर काढली. एक पाळी त्या मादीची, एक टँटीची. हात खांद्यापर्यंत आत जाईतो हे चाललं. मादीला काही कळलं का, कुणास ठाऊक. मग तिचं अंग थरथरलं आणि पहिली दोन-तीन ओली, पांढरी अंडी खाली पडली. टँटीने मोजायला सुरुवात केली. ऐंशीच्या आसपास मोठी, शेवटी पंचवीसेक लहान, ज्यांच्यात बलक नसतो. अंगाला चिकटलेली वाळू न झाडता ती उठली आणि मला म्हणाली, पाय जाळ्याने नेला. शार्कही पाय नेतो, मी म्हटलं. तिने मान हलवली आणि एक आकडा सांगितला: तीन हजार.

या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या एका पाहणीतला तो अंदाज आहे. त्रिनिदादच्या पाण्यात वर्षाला तीन हजारांहून अधिक लेदरबॅक मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकत होती. कासवांचा मोसम आणि मासळीचा मोसम एकच, आणि पाण्याच्या वरच्या थरात तरंगती नायलॉनची जाळी नेमकी अंडी घालायच्या किनाऱ्यांसमोर. अडकलेलं कासव श्वासाला वर येऊ शकलं नाही तर बुडून मरतं. जिवंत असलं तरी तीनशे किलोचं धडपडणारं जनावर छोट्या होडीतून सोडवणं सोपं नाही. कधी जाळं कापावं लागतं, कधी पाय कापला जातो. किनाऱ्यावर रात्रभर जागून एकेक घरटं राखायचं आणि पलीकडे, दिवा पोहोचत नाही त्या पाण्यात, तीन हजार. पाहुण्यांना ही बाजू कुणी दाखवत नाही. अंडी बघायला मिळाली की सगळे समाधानाने परत जातात.

आपल्याकडे कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी हॅचरीत ठेवायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सवाने गावातल्या घरांत चार पैसे आणले. तिथले कासवमित्र आणि टँटी एकमेकांना लगेच ओळखतील. पण जाळ्यांचा प्रश्न तिथेही किनाऱ्याच्या पलीकडेच राहतो. आणि लेदरबॅक भारतात अंडी घालतं ते अंदमान-निकोबारमध्ये. त्यातल्या ग्रेट निकोबारच्या गलाथिया उपसागराचा अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये बंदरासाठी काढून घेतला गेला. माटुऱ्यात माणसांना सहा महिने बाहेर ठेवणारा देश आपल्या एका जिल्ह्याएवढा आहे.

टँटीचा भाचा मासेमारी करतो. दुसऱ्या दिवशी त्याने मला त्याचं जाळं उलगडून दाखवलं. मधोमध भोक, त्यातून मी वाकून पार जाऊ शकले असते. किंगफिश आणि कॅराइट, आपल्या सुरमईचे भाऊबंद, हे त्याचं उत्पन्न. एक कासव शिरलं की त्या रात्रीची मासळी गेली आणि जाळं शिवण्यात पुढचे दिवस गेले. कासवांवर त्याचा राग नाही. लहानपणी तो मावशीबरोबर गस्तीला जायचा. संशोधकांनी इथल्या मच्छीमारांना बरोबर घेऊन पाण्यात कमी खोल उतरणारी जाळी वापरून पाहिली आहेत, आणि त्यांत कासवं कमी अडकली. गळ टाकून मासेमारी केली तर जवळजवळ अडकतच नाहीत. पण गळाला होडी सतत फिरती ठेवावी लागते, इंधन जळतं, आणि नव्या जाळ्याला रोख पैसे लागतात. ते कोण देणार, हा त्याचा साधा प्रश्न होता.

माझं उत्तर साधंच आहे. आम्ही पाहुणे जे पैसे देतो त्यातून टँटीची रात्रपाळी चालते, आणि ती चाललीच पाहिजे. पण फी वाढवा आणि वाढलेला हिस्सा थेट जाळी बदलायला द्या. मोसम भरात असताना होड्यांना गळाच्या इंधनाचे पैसे द्या. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्याने लगेच विचारलं की फीबद्दल बोलायला कुणाकडे जायचं. टँटी आत चहा करत होती. तिथूनच तिने वन विभागातल्या एका साहेबांचं नाव ओरडून सांगितलं, आणि सोमवारी सकाळी लवकर जा, नंतर ते भेटत नाहीत, असंही.