जळगाव जामोदचा दावा जळगावात सापडत नाही

समजा, जळगाव जामोदच्या एका शेतकऱ्यानं मोबाइलवर विचारलं, ‘धुऱ्याच्या दाव्याची पुढची पेशी कधी आहे?’ उत्तर देणारा एआय एजंट, म्हणजे आपल्या वतीनं स्वतः साधनं वापरून काम करणारा प्रोग्रॅम, न्यायालयीन नोंदी शोधणारं साधन उघडतो. जिल्हा टाकतो : जळगाव. नोंद मिळत नाही. ‘तुमच्या नावावर केस नाही,’ असं तो सांगतो. शेतकरी त्यावर विश्वास ठेवून घरी राहतो. वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असेल, तर दावा खारीज होऊ शकतो.

इथे चूक एजंटची वाटते. माझ्या मते मोठी चूक त्या साधनासोबतचं माहितीपत्रक लिहिणाऱ्याची आहे. या पत्रकाबद्दल बरेच गैरसमज आहेत.

पहिला गैरसमज : माहितीपत्रक माणसांसाठी असतं, यंत्राला आपोआप कळतं. वस्तुस्थिती अशी, की एजंटला साधनाची आतली रचना बहुधा दिसतच नाही. साधन काय करतं, कोणत्या रकान्यात काय भरायचं, उत्तर कसं येईल, हे जे लिहून दिलंय तेवढ्यावरच तो चालतो. माणूस अडला तर कोर्टातल्या लिपिकाला विचारतो. एजंट अंदाज बांधतो. म्हणून ‘जिल्हा भरा’ एवढं लिहून भागत नाही. जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्यातला तालुका आहे, हे लिहावं लागतं. मलकापूर बुलढाणा जिल्ह्यातही आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातही. बुलढाण्यातलं सिंदखेडराजा वेगळं, धुळे जिल्ह्यातलं शिंदखेडा वेगळं. खुद्द जिल्ह्याचं नाव कुणी बुलढाणा लिहितं, कुणी बुलडाणा, आणि इंग्रजी स्पेलिंगही दोन्ही तऱ्हेचं आढळतं.

‘नाव टाकलं की केस मिळते’ हाही असाच समज. वाघ, वानखडे ही आडनावं इंग्रजीत एका कागदावर एका अक्षरानं सुरू होतात, दुसऱ्यावर दुसऱ्या. एकाच नावाची दोन माणसं एका गावात असतात. केस क्रमांकही एकटा पुरत नाही : दिवाणी दाव्याचा तोच क्रमांक आणि तेच वर्ष चिखलीत असू शकतं, मेहकरातही. खात्रीचा आधार सीएनआर क्रमांकाचा, म्हणजे प्रत्येक केसच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाचा. तो १६ अक्षर-अंकांचा असतो : राज्याची २ अक्षरं, जिल्ह्याची २, न्यायालयाचे २ अंक, मग ६ अंकी अनुक्रम आणि शेवटी ४ अंकी वर्ष. मध्ये रेघ नको, जागा नको. पत्रकात पहिली ओळ याचीच हवी : सीएनआर असेल तर आधी तोच वापर, नसेल तर तालुका, केसचा प्रकार आणि वर्ष वापरकर्त्याला विचार.

सगळ्यांत घातक समज मात्र हा : ‘नोंद सापडली नाही म्हणजे केस नाही.’ शोध रिकामा यायला कितीतरी कारणं असतात. स्पेलिंग चुकलं, न्यायालय चुकीचं निवडलं, सर्व्हर बंद होता, कॅप्चा अडला. फेरफाराचा वाद तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे असतो, तो जिल्हा न्यायालयाच्या नोंदीत दिसत नाही. ग्राहक आयोगाचा कारभार वेगळा. वरचं अपील नागपूर खंडपीठात गेलं असेल, तर शोधही तिथेच घ्यावा लागतो. म्हणून ‘सापडलं नाही’ आणि ‘शोधता आलं नाही’ ही दोन उत्तरं साधनानं वेगळी द्यावीत, आणि दोन्ही वेळी एजंटनं ‘केस नाही’ असं सांगू नये, हे पत्रकात ठळक लिहावं. माझ्या लेखी त्या पत्रकातली ही सर्वांत मोलाची ओळ.

‘निकाली’ दिसलं की जिंकलो असंही समजलं जातं. पण तडजोड झाली, गैरहजेरीत खारीज झाला, मागे घेतला, तरी दावा निकालीच दिसतो. निकालाचं स्वरूप वेगळ्या रकान्यात असतं. तो वाचल्याशिवाय एजंटनं निष्कर्ष सांगू नये.

नोंद उघड आहे म्हणून यंत्रानं सगळं उपसावं, हेही बरोबर नाही. कॅप्चा हा यांत्रिक उपशाला घातलेला बांध आहे. तो चुकवायची युक्ती पत्रकात शिकवू नये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. असं नाव नजरचुकीनं नोंदीत राहिलं असेल, तरी एजंटनं ते उत्तरात आणू नये.

आणि एजंटनं सांगितलेला निवाडा तसाच न्यायालयापुढे ठेवू नये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला.

बुलढाण्याच्या १३ तालुक्यांतल्या पक्षकारांसाठी कुणी असं साधन बांधत असेल, तर पत्रक लिहिण्याआधी एक दिवस कोर्टाच्या आवारात बसावं. लोक कोणत्या शब्दांत विचारतात ते ऐकावं. आणि पक्षकारांनो, मोबाइलवर दिसलेली पेशी वकिलांकडून पक्की करून घ्या. आदेशाची प्रमाणित नक्कल कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून मिळते.